पाणी किती वाईट, त्याआधी पितं कोण?

प्रिय,

यवतमाळच्या बोअरच्या पाण्यावरचा तुझा मसुदा वाचला. नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत घेतलेस, पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे वेगळे ठेवलेस, हे उत्तम. पण लिटरला 2 मिलिग्रॅम फ्लोराइड, भारतीय मानकाची कमाल मर्यादा 1.5, म्हणून ‘मध्यम धोका’, एवढ्यावर थांबू नकोस. ही झाली पाण्याची तपासणी. माणसं अजून यायचीत.

तू सरसकट माणशी 2 लिटर धरलेस, म्हणजे दिवसाला 4 मिलिग्रॅम. मे महिन्यात उन्हात मातीकाम करणारी बाई 5 लिटर सहज पिते. तिचे 10 झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, सगळं मिळून दिवसाला 6 च्या पुढे गेलं की हाडांना धोका वाढत असावा. 14 ला तर पुरावा पक्काच आहे. एकाच बोअरवर एक जण 6 च्या रेषेच्या आत आणि दुसरी बाहेर! त्यात त्याच पाण्यात शिजलेलं वरण धरलेलं नाही, चहाही नाही. चहापत्तीत मुळातच फ्लोराइड असतं, तेव्हा दिवसाला किती कप, हे घरोघर विचार. गावाची सरासरी काढलीस की ही बाई नेमकी त्यात बुडते, आणि मला काळजी तिचीच आहे.

पोरांचा हिशेब वेगळा मांड. 15 किलोचं मूल 1 लिटर प्यायलं तरी किलोमागे 0.13 मिलिग्रॅम पडतं, 60 किलोच्या माणसाच्या 2 लिटरच्या दुप्पट. दातांवर डाग पडतात ते पक्के दात हिरडीत घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत. म्हणून शाळेत दात बघताना ‘लहानपणी कुठं राहायचास, पाणी कुठलं प्यायचास’ हे विचारच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर नक्की.

लोक पाणी उकळून पितात. त्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. हे अहवालाची वाट न पाहता आजच सांग.

‘हातपंप बंद करावा’ ही शिफारस मात्र तूर्त काढ. बांगलादेशात 1970 च्या दशकात जुलाबांपासून वाचवायला नलिका विहिरी खोदल्या, पुढे त्यांतच आर्सेनिक निघालं. उलट्या दिशेने तीच चूक, म्हणजे फ्लोराइड टाळायला जंतूंचं पाणी, आपल्याकडून नको. पर्यायी पाणी कुठलं, किती लांब, त्यात जंतू किती आणि ते भरून आणणार कोण, हे लिहून मग मसुदा पाठव.

सप्रेम