कापसाच्या ढिगात बसणारी गाभण मांजर

प्रश्न : आमची मांजर गाभण आहे, पोट चांगलंच दिसतंय. भाव नाही म्हणून मागच्या खोलीत कापूस भरलाय. ती सारखी त्यातच जाऊन बसते. तिथेच व्यायली तर चालेल का? दूध-भाकरी पुरेल का? डॉक्टरांकडे कधी न्यायचं?
– एक वाचक, ता. जामनेर, जि. जळगाव

उत्तर : कापसात मुळीच विऊ देऊ नका. ओल्या पिल्लाला तंतू चिकटतात, पायाला नाहीतर नाळेला पीळ बसतो आणि तो आवळत जातो. पाय सुजून काळा पडेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या खोलीचं दार आजच लावा.

केळीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, साधारण दीड बाय दोन फूट. एका बाजूला दार कापा, पण खाली चार-पाच बोटं उंबरा ठेवा, म्हणजे पिल्लं बाहेर घरंगळत नाहीत. आत जुनं सुती लुगडं घडी करून घाला; टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात. खोका अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या खोलीत ठेवा. पत्र्याखाली नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पिल्लांना स्वतःचं अंग थंड ठेवता येत नाही. ती एकमेकांपासून लांब पसरून ओरडत असतील तर उकडतंय, एकावर एक गठ्ठा करून पडली असतील तर गारठलीत. कूलर खोलीत चालेल, झोत खोक्यावर नको.

मांजराचे दिवस ६३ ते ६७. तारीख माहीत नसेल तर सड बघा : तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते गुलाबी होऊन फुगतात. तिथून सहा आठवडे धरा.

दूध-भाकरीवर मांजर निभत नाही, तिला मांसच लागतं. दुधाने बऱ्याच मांजरींना हगवण लागते. बिनहाडाची उकडलेली कोंबडी आणि उकडलेलं अंडं द्या, सोबत पिल्लांसाठी मिळणारं कोरडं खाद्य. तीन किलोच्या मांजरीला एरवी दिवसाला ५० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. शेवटच्या तीन आठवड्यांत ७०-७५ ग्रॅम, चार वेळा विभागून. पोटात जागा उरत नाही, एका वेळी जास्त जात नाही. भाजीचा रस्सा देऊ नका, कांदा-लसूण तिच्या रक्ताला घातक असतो. पॅरासिटामॉलची गोळी तर जीवच घेते. खोक्याजवळ फिनाईलही नको.

व्यायच्या आदल्या दिवशी ती बहुधा खाणं सोडते, अंग ३७.८ अंशांखाली उतरतं. पिल्लू शेपटीकडून आलं तरी घाबरू नका, मांजरात ते नेहमीचं आहे. आईने मिनिटभरात पिशवी फाडली नाही तर तोंडावरची पिशवी तुम्ही काढा, कोरड्या फडक्याने पुसा. नाळ तोडायची वेळ आली तर पोटापासून तीन सेंटिमीटरवर दोरा बांधा आणि त्याच्या बाहेर कापा. वारी (पिल्लामागून पडणारी जार) मोजा : जितकी पिल्लं तितक्या.

अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव, किंवा ताजं रक्त वाहतंय, तर वाट न पाहता गाडी काढा. अडकलेलं पिल्लू ओढू नका.

पिल्लू जन्मतः ९० ते ११० ग्रॅमचं असतं, रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. काट्यावर रोज तोला. एक दिवसही वजन घटलं तर दाखवा.

म्हशीसाठी आणलेलं कॅल्शियम गाभणपणी मांजरीला पाजू नका. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतलं काढायची शरीराची सवय मंदावते आणि व्याल्यावर दूध भरात आलं की रक्तातलं कॅल्शियम एकदम कमी पडतं. आई थरथरू लागली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली, तर पिल्लं लगेच बाजूला करा आणि तिला त्याच तासात दवाखान्यात न्या.