सूतगिरणीत काम करणाऱ्या भावाची छाती फक्त सोमवारी का आवळते? हा दमा आहे का?

‘फक्त सोमवारी’ हेच महत्त्वाचं आहे. रविवारची सुट्टी झाली की पहिल्या पाळीत छाती जड, खोकला, आणि मंगळवारी बरं वाटतं. हे बिसिनोसिसचं, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं जुनं लक्षण. दुर्लक्ष केलं तर पुढे आठवडाभर दम लागतो, आणि मग तो मागे फिरत नाही. भाऊ ब्लो रूम किंवा कार्डिंगला आहे का ते विचारा. गाठी फोडून कापूस पिंजतात तिथेच धूळ सगळ्यात जास्त.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, यात तो बहुधा नॉर्मलच येतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळी सुटल्यावर अशी दोनदा स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची तपासणी) करून घ्या. फुंकर कमी पडली तर डॉक्टरांना बराच उलगडा होतो. आणि ‘काम काय करता?’ हे त्यांनी विचारलं नाही तर स्वतःहून सांगा. इटलीचे डॉक्टर रामाझिनी यांनी 1700 सालीच डॉक्टरांना हा प्रश्न विचारायला सांगितलं होतं. आपल्या ओपीडीत तो अजून राहूनच जातो!

तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. यंत्रापाशीच धूळ ओढून घेणारी व्यवस्था हवी, आणि हवेच्या पाइपनं फुंकून सफाई करणं बंद. विडी असेल तर तीही सोडायला लावा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापली जात असेल तर पावती जपून ठेवा, कारण बिसिनोसिस कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे.