कपाटामागची बुरशी

प्रश्न: आमचं घर चिपळूणला, जुलै लागला की भिंतीला टेकलेल्या कपाटामागे काळी बुरशी धरते, चामड्याच्या चपला तर पांढऱ्या पडतात. डांबरगोळ्या टाकून झाल्या. काय करू?

उत्तर: ताई, डांबरगोळ्या कसरीसाठी, बुरशी त्यांना भीक घालत नाही. आधी कपाट चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळू दे. बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नका, घरभर उडते, मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि फॅन लावून भिंत खडखडीत वाळवा, आणि हो, ब्लीच नि व्हिनेगर एकत्र कधीच नको, विषारी क्लोरीन गॅस होतो. ओले कपडे त्याच खोलीत वाळत घालता ना? (आम्हीही घालतो, पावसात करणार काय!) तेवढं कपाटाचं दार बंद ठेवा. पुसूनही तिथेच आली तर बाहेरून भिंतीला तडा गेलाय का बघा, नुसता रंग मारून झाकू नका.