मिक रोरी सुधारला का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी परळला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. माझी अकरावीतली मुलगी आणि मी रात्री जेवताना रोज एक भाग असं करत ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’ ही सुपरहिरोंची मालिका संपवली. मला त्यात सगळ्यांत जास्त भावला तो मिक रोरी. मुलगी म्हणते, “बाबा, त्याला फक्त हसवायला ठेवलाय. खरी वाढ सारा लान्सची आहे.” माझं मन काही ते मानत नाही. मिक खरंच बदलला की लेखकांनी त्याला नुसता मवाळ करून टाकला? आणि बदलला असेल तर ते कुणाच्या डोळ्यांत का भरत नाही? तुम्ही स्वतः मालिका लिहिता म्हणून विचारतोय.
— एक वाचक, परळ

उत्तर: तुमच्या मुलीचं सारा लान्सबद्दलचं म्हणणं खरं आहे. मारेकरी म्हणून तयार केलेली मुलगी जहाजाची कप्तान होते, हा त्या मालिकेचा कणाच आहे. पण मिकच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, आणि ठामपणे आहे. मिक शेवटपर्यंत चोर राहतो, बिअर पितो, गुरगुरतो, दिसेल ते पेटवायला त्याचे हात शिवशिवतात. फरक पडतो तो एकाच बाबतीत: आपल्या आत काय चाललंय हे तो हळूहळू दुसऱ्याला कळू देतो. माझ्या मते अलीकडच्या सुपरहिरो मालिकांमधलं हे सगळ्यांत चांगलं लिहिलेलं व्यक्तिचित्र आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही मालिका सीडब्ल्यू या अमेरिकन वाहिनीवर 2016 ते 2022 अशी सात सीझन चालली, एकूण 110 भाग. रिप हंटर नावाचा कालप्रवासी दुसऱ्या फळीतल्या काही नायकांना आणि दोन चोरांना वेव्हरायडर या काळात फिरणाऱ्या जहाजावर घेतो आणि ही मंडळी इतिहासात इकडून तिकडे फिरतात. दोन चोरांपैकी लिओनार्ड स्नार्टकडे गोठवणारी बंदूक, मिककडे आग ओकणारी. कॉमिकमध्ये मिक ‘हीट वेव्ह’ या नावाने 1963 पासून आहे, फ्लॅशचा एक खलनायक म्हणून. लहानपणी त्याने लावलेल्या आगीत त्याचं घर आणि घरची माणसं गेली, आणि तो ज्वाळांकडे बघत राहिला. मालिकेतल्या मिकची ही मूळ जखम.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. मराठी डेली सोपमध्ये खलपात्राला चांगलं करायचं असलं की चॅनलच्या मीटिंगमध्ये ‘हृदयपरिवर्तनाचा ट्रॅक’ ठरतो. अपघात होतो, हॉस्पिटलचा कॉरिडॉर येतो, देव्हाऱ्यासमोर रडण्याचा सीन होतो, आणि पुढच्या सोमवारपासून तेच पात्र वेगळ्या आवाजात बोलायला लागतं. गोरेगावच्या फिल्मसिटीत असे सीन चित्रित होताना मी उभी राहिले आहे. कलाकार जीव ओतून काम करतात, प्रेक्षकही रडतो. पण त्या सोमवारी आपण जुन्या माणसाला कायमचं मुकतो, नवाच कुणीतरी त्याचे कपडे घालून आलेला असतो. मिकच्या बाबतीत लेखकांनी असा सोमवार एकदाही येऊ दिला नाही.

पहिल्या सीझनच्या मध्यावर मिक अख्ख्या टीमला काळात फिरणाऱ्या चाच्यांच्या हवाली करायला निघतो. स्नार्ट त्याला दूर कुठेतरी घेऊन जातो आणि आपल्याला वाटतं, संपवलं. थोड्या भागांनंतर टीमच्या मागे हात धुऊन लागलेला मुखवट्यातला शिकारी क्रोनॉस मुखवटा काढतो, आणि तो मिकच असतो. स्नार्टने त्याला मारलं नव्हतं, सोडून दिलं होतं, आणि काळाचे रखवालदार म्हणवणाऱ्या टाइम मास्टर्सनी त्याला उचलून आपल्या कामाला घडवलं होतं. इथे माझ्यासारखीला माफीचा मोठा सीन लिहायचा मोह झाला असता. मालिका तो टाळते. मिक परत टीममध्ये येतो तो अवघडल्यासारखा, आणि बाकीचेही त्याच्याशी अवघडूनच वागतात. कधी बंदूक उगारून तर कधी एका टेबलावर जेवून हा हिशेब हळूहळू मिटतो.

सीझनच्या शेवटाकडचा प्रसंग तुम्ही दोघांनी परत बघा. ऑक्युलस नावाचं यंत्र उद्ध्वस्त करायचं तर कुणीतरी तिथे थांबायला हवं, म्हणजेच मरायला हवं. टीममधला रे पामर थांबतो. मिक रेला बेशुद्ध करून त्याची जागा घेतो. मग स्नार्ट मिकला बेशुद्ध करून त्याची जागा घेतो आणि जातो. सगळ्यांना स्नार्टचं बलिदान आठवतं, ते साहजिकच आहे. पण स्नार्टच्या आधी तिथे हात ठेवून मिक उभा होता! ज्या रेला तो ऊठसूट टोमणे मारतो, त्याच्या बदल्यात. त्याआधी सोव्हिएत तुरुंगातून पळताना जखमी रेला मागे टाकायला नकार देणाराही हाच. तुमच्या मुलीला हे दोन प्रसंग ओळीने दाखवा.

त्यानंतर मिक काळात मागे जातो, 2013 मध्ये, आणि अजून या कशाचीच कल्पना नसलेल्या स्नार्टला भेटतो. आपल्याला माहीत असलेला सगळ्यांत चांगला माणूस तू आहेस, अशा अर्थाचं काहीतरी त्याला सांगतो. स्नार्टला वाटतं, याला चढली आहे. जो माणूस समोर आहे त्याला आपलं दुःख कळूच शकत नाही, आणि तरी ते त्याच्यापुढेच बोलायचं! मालिकालेखनाच्या वर्गात मी हा सीन शिकवला असता. स्नार्ट झालेला वेंटवर्थ मिलर आणि मिक झालेला डॉमिनिक पर्सेल हे दोघे 2005 पासूनच्या ‘प्रिझन ब्रेक’मध्ये भाऊ झाले होते. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या सीनमधलं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या सीझनवर मात्र मी थोडी थांबणार आहे, कारण तुमच्या ‘मवाळ केला का’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. मिकला मेलेला स्नार्ट दिसायला लागतो, त्याच्याशी बोलतो. टीम त्याला दंडेलीपुरता वापरते. डोक्याचं काम असलं की त्याला कुणी विचारत नाही. आणि शत्रूच्या गोटात भूतकाळातला, जिवंत, जुन्या वृत्तीचा स्नार्ट उभा राहतो तेव्हा मिक टीमला सोडून त्याच्याकडे जातो. दुसऱ्यांदा दगा. पहिल्या सीझनमध्ये प्राण द्यायला निघालेला माणूस दुसऱ्या सीझनमध्ये त्याच टीमच्या शत्रूंच्या हातात सगळं देऊन टाकतो. आमच्या मीटिंगमध्ये हे मांडलं असतं तर चॅनलच्या क्रिएटिव्ह टीमने पहिल्यांदा विचारलं असतं, प्रेक्षक परत याच्यावर प्रेम कसं करेल?

तर ते असं. शत्रूंनी वास्तवच बदलून टाकल्यावर मिकला हवं ते सगळं मिळतं. जोडीदार जिवंत आहे, शहर दोघांच्या खिशात आहे, पोलीस हात बांधून उभे आहेत. आणि मिकला चोरीत राम वाटत नाही. या स्नार्टच्या लेखीही तो हुकूम पाळणारा गडीच आहे, हे त्याला उमगतं. मग स्नार्ट त्याच्या डोळ्यांदेखत टीममधल्या अमायाला मारतो. मिक टीमकडे परततो तो कुणाच्या उपदेशाने नाही. मागितलेलं हातात आल्यावर ते आपल्याला नको होतं, एवढं त्याचं त्याला कळतं म्हणून. मवाळ केलेल्या पात्राला इतकं चुकू देत नाहीत.

तिसऱ्या सीझनमध्ये टीममधली झारी एकाच तासात अडकते, तोच तास पुन्हा पुन्हा जगत राहते, आणि वेळ हाताशी असल्यामुळे सगळ्यांच्या खोल्यांत डोकावते. मिकच्या खोलीत तिला त्याने लिहिलेल्या कादंबरीची पानं सापडतात. प्रेमकथा, तीही विज्ञानकाल्पनिकेच्या अंगाने. पुढे तो रिबेका सिल्व्हर या बाईच्या नावाने लिहिणारा लोकप्रिय लेखक होतो. प्रेक्षक हसतात, आणि तुमच्या मुलीचं मत बहुधा इथे तयार झालं असावं. पण बघा ना, ज्या माणसाला दोन धड वाक्यं बोलता येत नाहीत तो पानंच्या पानं लिहितो. ज्याला कुणाला जवळ घेता येत नाही तो दुसऱ्याच्या नावाआडून प्रेमाबद्दल लिहितो. मी हे काम करते, म्हणून सांगते, नाव बदललं की हात सुटतो. त्याच सीझनमध्ये समांतर पृथ्वीवरचा एक स्नार्टही येतो, तोच चेहरा, पण प्रेमळ, सगळ्यांना मनातलं बोलायला लावणारा. आणि 1967 च्या व्हिएतनाममध्ये मिकला तरुण सैनिक असलेला स्वतःचा बाप भेटतो. या तिन्ही गोष्टी एकाच सीझनमध्ये आल्या हा योगायोग मला वाटत नाही.

पाचव्या सीझनमध्ये त्याला कळतं की आपल्याला लिटा नावाची वाढत्या वयाची मुलगी आहे. ती त्याच्यावर चिडलेली आहे आणि तिचं चिडणं रास्त आहे. हा ट्रॅक मला आवडला, पण घाईत उरकला. सहाव्यातली परग्रहावरची बाई आणि अंडी हे प्रकरण मला पटलं नाही; तिथे लेखकांनी गमतीसाठी मिकला वापरलं, आणि तिथे तुमची मुलगी बरोबर आहे. त्या सीझनअखेर पर्सेल मुख्य संचातून बाहेर पडला. सातव्या सीझनमध्ये मला जहाजावर त्याची उणीव सतत जाणवत होती.

डोळ्यांत का भरत नाही, याचं कारण मांडणीत आहे. साराच्या वाढीला स्वतंत्र भाग मिळतात. मिकची वाढ दुसऱ्यांच्या ट्रॅकच्या सांदीत, तीन-चार ओळींच्या सीनमध्ये होते. मिलर पहिल्या सीझननंतर नियमित नव्हता, येऊन-जाऊन होता. त्यामुळे मिकचं सगळ्यांत मोठं नातंच बहुतेक वेळ पडद्यावर नसतं. आणि पर्सेल आवाज बदलत नाही. तीच घोगरी पट्टी, तोच त्रासलेला चेहरा. तो काय बोलतो यापेक्षा तो उठून कुणाच्या शेजारी जाऊन बसतो, हे बघावं लागतं. जेवताना बघणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतं. तुमच्या नजरेतून निसटलं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न: ताई, मी माटुंग्याच्या कॉलेजात एस.वाय.ला आहे. आमच्या एकांकिकेत चहाच्या टपरीवाल्याचं छोटं पात्र आहे. दिग्दर्शक म्हणतो त्याला ‘ग्राफ’ दे, म्हणजे नाटकभर त्याच्यात काही बदल घडताना दिसू दे. पंचेचाळीस मिनिटांत त्याला किती जागा देऊ?
— एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर: जागा वाढवू नकोस, तू आहे तीच जागा नीट वापर. वर मी ज्या मिकबद्दल लिहिलंय त्याचं लिखाण तो स्वतः जाहीर करत नाही, झारीला ते सापडतं. तुझ्या टपरीवाल्याचीही एखादी गोष्ट मुख्य पात्राला चुकून कळू दे, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाने बघितलेली पण दुर्लक्षिलेली असू दे. उधारीची वही घे. ती सतत त्याच्या हातात आहे, आपण धरून चालतो की हिशेब लिहितोय. पुढचं तू ठरव. मात्र शेवटी त्याला स्वगत देऊ नकोस. दिग्दर्शक मागेल, तालमीत कलाकारही मागेल. तू ठाम राहा. ग्लास विसळता विसळता त्याने एक वाक्य बोललं तर पुरे.

प्रश्न: माझा नातू दहा वर्षांचा आहे, त्याला सुपरहिरो फार आवडतात. ही मालिका त्याच्याबरोबर बघावी का? आणि सुरुवात कुठून करावी? आधी ‘द फ्लॅश’ बघावं लागतं असं कुणी म्हणालं.
— एक आजी, गिरगाव

उत्तर: आजी, नमस्कार. दहा वर्षांच्या मुलाला ही नको. दारू आहे, मारहाण आहे, मोठ्यांचे विषयही आहेत. तो चौदा-पंधराचा झाला की दोघं मिळून बघा. ‘द फ्लॅश’ पूर्ण बघण्याची गरज नाही. त्याच्या पहिल्या सीझनमधले स्नार्ट आणि मिक एकत्र येतात तेवढे भाग पाहिलेत तर ओळख होते. बरेच जण सांगतात, पहिला सीझन रटाळ आहे, थेट दुसऱ्यापासून धरा. व्हँडल सॅव्हेज हा त्यातला खलनायक मलाही कंटाळवाणा वाटला. तरी तुम्ही पहिला सोडू नका, कारण मिक आणि स्नार्टचं सगळं त्यातच आहे. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग नकोत. कालप्रवासाची गुंतागुंत आहे, मध्येच डोळा लागला तर नातवाला विचारावं लागेल की आत्ता कुठलं साल चाललंय.