इटालियनमध्ये ‘मला अमुक लागते’ किंवा ‘मला गरज आहे’ हे कसे सांगावे?

आपला प्रश्न असा आहे की, पाठ्यपुस्तक ‘ओ बिझोन्यो दी’ शिकवते, पण इटालियन माणसांच्या तोंडी ‘मी सेर्वे’ ऐकू येते. तर नवशिक्याने यांतले काय वापरावे? दोन्ही रचना बरोबर आहेत, परंतु मराठी माणसाने ‘मी सेर्वे’पासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

‘मी सेर्वे उना पेन्ना’ म्हणजे ‘मला एक पेन लागते आहे’. यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आणि क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे न बदलता वस्तूप्रमाणे बदलते. म्हणून दोन तिकिटे लागत असतील, तर ‘मी सेर्वोनो दुए बिल्येत्ती’. ‘तिकीट लागते’ आणि ‘तिकिटे लागतात’ हा भेद आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीच्या वळणाने वाक्य जुळवू पाहणारा मात्र नेमका येथेच अडखळतो. दुकानदार आदराने ‘ले सेर्वे आल्त्रो?’ असे विचारतो, म्हणजे ‘आपल्याला आणखी काही हवे का?’ वेळेसाठी वेगळी रचना असली, तरी सूत्र हेच आहे: एक तास लागत असेल तर ‘ची वुओले उनोरा’, दोन तास लागत असतील तर ‘ची वोल्योनो दुए ओरे’.

‘ओ बिझोन्यो दी’मध्ये क्रियापद माणसाप्रमाणे चालते: मला गरज असेल तर ‘ओ’, तुला असेल तर ‘आइ’, त्याला किंवा तिला असेल तर ‘आ’. पुढे नाम असो वा क्रियापद, ‘दी’ गाळता येत नाही. ‘ओ बिझोन्यो दी आयुतो’ म्हणजे मदत हवी आहे, ‘ओ बिझोन्यो दी दोर्मीरे’ म्हणजे झोपेची गरज आहे. विशिष्ट किल्ली हवी असल्यास ‘दी’ उपपदाशी जोडला जाऊन ‘देल्ला क्यावे’ होते. माणसाची गरज सांगताना हीच रचना घ्यावी: ‘ओ बिझोन्यो दी ते’, म्हणजे मला तुझी गरज आहे. तेथे ‘मी सेर्वी’ म्हटले, तर समोरचा माणूस केवळ कामापुरता हवा आहे, असा वास येतो.

‘बिझोन्या’ हे याच कुळातले रूप कोणा एकाविषयी नसून सर्वांना लागू होणारे ‘पाहिजे’ आहे: ‘बिझोन्या कोन्वालिदारे इल बिल्येत्तो’, म्हणजे तिकिटावर शिक्का मारून घेतला पाहिजे. ‘मला गरज आहे’ या अर्थी ‘इओ बिझोन्यो’ असे मात्र कधीही म्हणू नये.

कॉफी मागताना यांपैकी काहीच नको. ‘ओ बिझोन्यो दी उन काफ्फे’ हे दमलेल्या माणसाने मित्राला सांगायचे वाक्य आहे. काउंटरवर ‘वोर्रेइ उन काफ्फे’ किंवा नुसते ‘उन काफ्फे, पेर फावोरे’ म्हणावे.