छोट्या ओढ्यावरच्या ट्राउटसाठी हलका फ्लाय रॉड: वेटच्या आकड्याआधी रॉड किती वाकतो ते बघा

तुम्ही लिहिलंय की ओढा जेमतेम दहा-बारा फूट रुंद आहे, वर फांद्यांचं छप्पर, मासे वीतभर, सध्या हाताशी ९ फुटी ५ वेटचा रॉड आहे आणि आता ६ फुटी २ वेटचा घ्यावा असं मनात आहे. माझं सरळ मत सांगतो, ७ ते साडेसात फुटी, ३ वेट, आणि मऊ. यातलं मऊ हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि घेताना नेमकं तेच बघायचं राहून जातं.

आधी हे वेट प्रकरण. तो आकडा रॉड किती ग्रॅमचा हे सांगत नाही, रॉडला कुठली लाइन, म्हणजे फेकायची जाड दोरी, लागते ते सांगतो. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन धरतात, ३ वेटला ते १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, ५ वेटला १४० ग्रेन म्हणजे ९ ग्रॅम. फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याला, स्वतःचं वजन नसल्यातच जमा, आपण फेकतो ती लाइन, तिच्या वजनाने रॉड वाकतो आणि सरळ होताना तिला पुढे नेतो. आता तुमचा ओढा घ्या. मासा वीस फुटांवर, त्यातला साडेसात फूट लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक दोरी) गेला, मग टोकाबाहेर लाइन उरली किती, बारा-साडेबारा फूट, आणि तोही पुढचा निमुळता भाग. म्हणजे ३ वेटची लाइन असली तरी जेमतेम अडीच ग्रॅम वजन बाहेर आहे. ताठ, फास्ट अॅक्शनच्या रॉडला एवढ्याशा वजनाची जाणीवसुद्धा होत नाही, तो वाकतच नाही, मग सगळा जोर मनगटाने लावावा लागतो आणि लाइन पाण्यावर गोळा होऊन पडते.

मी हे पैसे घालवून शिकलोय. पहिला ३ वेट घेतला तो फास्ट, मोकळ्या मैदानात ४० फुटांवर इतका सुंदर चालला की लगेच घेऊन टाकला. ओढ्यावर गेलो तर पंधरा फुटांवर काहीच जमेना. आणि त्याहून वाईट म्हणजे मासा लागला की टिपेट, म्हणजे लीडरचं सगळ्यात बारीक टोक, तुटायचं. एका दगडामागच्या डोहात चांगला मासा वर आला, फ्लाय घेतली, मी रॉड उचलला आणि क्षणात सगळं सैल, हातात आलं ते टोकाला पिळवटून कुरळं झालेलं ६ एक्सचं टिपेट. जाडी ०.१२७ मिमी, केसासारखंच ते, त्याला झटका सोसायला मऊ टोक लागतं. मासा तोंडात फ्लाय घेऊन गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून घेण्याआधी एक करा, रील लावून लाइन ओवा, लीडर बांधा, टोकाबाहेर फक्त दहा-बारा फूट लाइन काढा आणि गवतावर कास्ट करून, म्हणजे फेकून, बघा. लांब टाकायचा मोह टाळा. लीडर आपसूक उलगडून सरळ पडला आणि रॉड मुठीच्या दिशेने निदान अर्ध्यापर्यंत वाकल्याचं हाताला कळलं तर तो तुमचा रॉड. नुसतं टोक थरथरत असेल तर सोडून द्या, मग तो कितीही भारी असू दे.

लांबीचं बोलायचं तर ६ फूट मला फार आखूड वाटतो. फांद्यात अडकणार नाही हे खरं, पण छोट्या ओढ्यावर निम्मं काम कास्टचं नसतंच, हात लांब करून लाइन मधल्या जोरदार प्रवाहावर पडू न देता उचलून धरायची असते, नाहीतर प्रवाह लाइन ओढतो, फ्लाय पाण्यावर ओरखडा काढत जाते आणि ट्राउट फिरकत नाही. तिथे एक-दीड फूट लांबी फार कामी येते. मागे जागा नसेल तिथे रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न नेता पाण्यावरूनच पुढे उलगडायची, आणि अगदीच झुडपात शिरलात तर बो अँड अॅरो, म्हणजे टोकाबाहेर साधारण रॉडएवढी दोरी ठेवायची, फ्लायच्या गळाचा वाक चिमटीत धरायचा, टोक बोटाच्या बाहेरच्या बाजूला, रॉड धनुष्यासारखा वाकवायचा आणि सोडायचं. मऊ रॉडने हे फार छान होतं. वर आभाळ मोकळं आणि फक्त काठाला झुडपं असतील तर मात्र उलट ८-साडेआठ फुटी घ्या.

२ वेट वाईट नाही, पण जरा वारा आला किंवा वजनाची निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) बांधली की ओढाताण होते, आणि एखादा मोठा मासा लागला तर तो खूप वेळ दमवावा लागतो, पाणी २० अंशांच्या पुढे गेलं असेल तेव्हा तर सोडून दिलेला मासासुद्धा वाचेलच असं नाही (तसल्या दिवशी मी रॉड काढतच नाही).

मटेरियल म्हणाल तर फायबरग्लास बघाच. ग्रॅफाइटपेक्षा थोडा जड, पण सात फुटांत ते जाणवत नाही, वाकतो मस्त आणि दगडावर आपटला तरी सहसा तग धरतो. ग्रॅफाइटच हवा असेल तर मीडियम किंवा स्लो अॅक्शन. बांबू सुंदरच, पण झुडपात घुसायला पहिला रॉड म्हणून नको.

लाइन डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच निमुळती, घ्या, एक टोक झिजलं की उलटी करून दुसरं वापरता येतं. आणि आधीच ताठ रॉड घेऊन बसला असाल तर एक वेट वरची लाइन लावून बघा, ३ वर ४, बराच फरक पडतो.

तुमची ५ वेटची रील बसेल, पण मुठीकडे जड होईल. हलकी, साधी क्लिकवाली पुरे, एवढ्याशा माशांना ड्रॅग (रीलचा ब्रेक) लागत नाही, लाइन हातानेच ओढून घेतो आपण.