रोज रात्रीचे ‘पाचक’ चूर्ण आणि दुपारी पुन्हा फुगणारे पोट

आपण लिहिले आहे की सकाळी दहाला तर्री-पोहे, एक वाजता डबा असा क्रम असतो, चारच्या सुमारास पोट ताठ होऊन पट्टा सैल करावा लागतो आणि म्हणून रोज रात्री कोमट पाण्यातून एक चूर्ण घेता. सकाळी पोट साफ होते, पण दुपारी पुन्हा तेच. हे वाचताना माझीच जुनी तक्रार कोणी लिहून काढल्यासारखे वाटले. सावकाश चावून खावे, जेवणानंतर शतपावली करावी वगैरे आपल्याला घरच्यांनी ऐकवलेच असेल, म्हणून ते सोडून देतो.

आधी चूर्णाच्या डबीवरचे घटक वाचा आणि त्यांत सोनामुखी (जुलाब करणारी वनस्पती) आहे का, ते पाहा. मला वाचायला डबीच नव्हती. नागपुरातल्याच एका औषधालयातून (नाव सांगत नाही) रबर लावलेल्या कागदी पुड्या मिळत असत. घटक विचारले, तर गल्ल्यावरच्या गृहस्थांनी “परंपरागत आहे, अपाय नाही,” म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली. सात महिन्यांत एका पुडीच्या दोन झाल्या. मग रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. रक्ततपासणीत पोटॅशियम 3.0 निघाले, जे किमान 3.5 हवे. डॉक्टरांनी जुलाबाचे काही घेता का, असे विचारले, तेव्हा मी ठामपणे नाही म्हणालो, कारण माझ्या लेखी ते ‘पाचक’ होते. माझी सर्वांत महागात पडलेली चूक हीच.

पुढे एका वैद्यांनी पुडी पाहून ही सोनामुखीच असावी, असे सांगितले. ती आतड्यांना चाळवून पोट साफ करते. थोड्या दिवसांपुरती ठीक, पण महिनोन्‌महिने घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटू शकते, आणि ते घटले की आतड्यांची हालचाल मंदावून पोट आणखी फुगते. पुडी घेऊन जाब विचारायला गेलो, तर “तुम्हीच जास्त घेतली असेल,” हे उत्तर मिळाले. पॅकबंद आयुर्वेदिक औषधावर घटक छापणे कायद्याने बंधनकारक असताना सुट्या पुडीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, याचा राग अजून जात नाही.

त्या वैद्यांनी औषधाआधी माझ्या जेवणाच्या वेळा लिहून घेतल्या. पहिले अन्न पचण्याआधी दुसरे खाणे, ज्याला आयुर्वेदात अध्यशन म्हणतात, तेच माझे चालले होते: चण्याची तर्री पोटात असतानाच त्यावर वरण-भात. पोहे खाल्ले त्या दिवशी डबा खरी भूक लागेपर्यंत उघडायचा नाही, एवढ्यानेच निम्मा त्रास गेला. सोबत हिंगाष्टक चूर्ण होते, तेही जेवणानंतर नव्हे, तर तूप घातलेल्या गरम भाताच्या पहिल्या घासात, पाव चमचा. मे महिन्यात मात्र त्याने छातीत जळजळ होऊ लागली, तेव्हा ते थांबवून जिरेपूड घातलेले पातळ ताक घेतले. हिंगाष्टकात सैंधव असते, त्यामुळे रक्तदाब असल्यास विचारूनच घ्यावे. अविपत्तिकर चूर्णही अनेक जण निर्धास्त घेतात. त्यात निशोत्तर नावाची वनस्पती असते आणि तीही रेचकच, म्हणजे जुलाब करणारी.

मी वैद्य नाही, हा एका माणसाचा अनुभव आहे. रोजचे रेचक कसे सोडायचे, हेही जाणकारालाच विचारा. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, उलट्या होत असतील किंवा फुगलेले पोट उतरतच नसेल, तर कोणतेही चूर्ण न घेता आधी डॉक्टरांकडे जा. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रीला नव्याने असा त्रास सुरू होऊन टिकून राहिला, तर सोनोग्राफी टाळू नये.

आणखी एक: डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. गव्हाने पोट फुगणाऱ्यांनी तेही लेबल वाचावे; मी इतवारीतून खडा हिंग आणतो आणि तुपात फुलवून कुटतो.